अंगात ताप, समोर कलकत्ता

श्री सम्मेदशिखरजीची वंदना करून परतणारी आपल्याकडील बहुतेक कुटुंबे वाटेत कलकत्त्याला दोन दिवस थांबतात. पारसनाथ स्थानकापासून हावडा सुमारे ३०० किलोमीटर. गाडीने चार-पाच तासांचा प्रवास. एवढ्या दूर आलोच आहोत तर महानगरी पाहून घ्यावी, बडाबाजारात थोडी खरेदी करावी आणि हावड्याहून थेट गाडीने घर गाठावे, असा हा ठरलेला क्रम असतो. या क्रमात एक गोष्ट मात्र कोणी हिशेबात धरत नाही. मधुबनातून मध्यरात्रीनंतर निघून ९ किलोमीटरांची चढण, वर जवळपास तेवढीच परिक्रमा आणि पुन्हा तितकाच उतार, अशी २७ किलोमीटरांची वंदना बहुतेकांनी उपाशीपोटी केलेली असते. चढताना अंग घामाने भिजते, वर टोंकांवर वारा झोंबतो, आणि भावनेच्या भरात शाल अंगावर ओढायचेही भान राहत नाही. त्यामुळे प्रत्येक संघात एखादा तरी परतीच्या वाटेवर अंथरूण धरतोच. गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरच्या सात जणांत तो मान माझ्याकडे आला.

गाडी हावड्याला पोहोचेपर्यंत माझे दात वाजू लागले होते. आपल्या घरांतील बायकांची एक जुनी रीत आहे. सर्वांची जेवणे उरकेपर्यंत, बिछाने पडेपर्यंत अंगातल्या तापाचा कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही. मला ही रीत कधीच पटलेली नाही. मी फलाटावरच यजमानांना सांगितले, "अहो, मला थंडी वाजून ताप भरला आहे." धाकट्या जाऊबाईंनी कपाळाला हात लावून पाहिला आणि स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली. पुढचे दोन दिवस ती शाल माझ्याकडेच राहिली.

या शहराचे नाव २००१ पासून सरकारदरबारी कोलकाता झाले असले तरी आमच्या घरात ते अजून कलकत्ताच आहे, म्हणून इथेही तसेच लिहिते. त्याला कारण आमचे सासरे. आमची आडत धान्याची. धान्य म्हटले की बारदान आले, आणि बारदान म्हटले की कलकत्ता आले. हुगळीच्या काठी रिसड्याला १८५५ साली तागाची पहिली गिरणी सुरू झाली, आणि तेव्हापासून देशभरातील आडत्यांच्या गोण्या या नदीकाठाहून येत राहिल्या. सासरे तरुणपणी खरेदीसाठी बडाबाजारात येत. त्यांच्या वळकटीत दोन वस्तू न चुकता असत, असे सासूबाई सांगत: मच्छरदाणी आणि कोयनेलच्या गोळ्या. कलकत्त्याला जायचे म्हणजे हिवताप गृहीत धरूनच जायचे, असा त्या पिढीचा व्यवहार होता. बडाबाजारातल्या धर्मशाळेच्या खोलीत त्या रात्री हुडहुडी भरली, तेव्हा मला आठवल्या त्या सासऱ्यांच्या गोळ्याच.

सकाळी दीर आणि यजमान मला जवळच्याच एका डॉक्टरांकडे घेऊन गेले. कलकत्त्यात डॉक्टरांच्या दवाखान्याला सर्रास 'चेंबर' म्हणतात. हे चेंबर म्हणजे एका कापडाच्या दुकानावरची दहा बाय दहाची खोली; भिंतीला बाक आणि बाकावर दाटीने बसलेले रुग्ण. डॉक्टर वृद्ध बंगाली गृहस्थ होते. "जॉर कॉतो दिन?" असे त्यांनी विचारले, बंगालीत ज्वराचा उच्चार असा होतो. शिखरजीहून आलो असे सांगताच त्यांनी मान हलविली, जणू आमच्यासारखे यात्रेकरू त्यांना दर हिवाळ्यात दिसत असावेत. थंडी वाजून ताप येतो म्हणून हिवतापाची, आणि शिवाय डेंग्यूची, अशा दोन्ही रक्ततपासण्या त्यांनी लिहून दिल्या. सगळे अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत येणार होते, आणि त्याच रात्री आमची पुण्याकडे जाणारी आझाद हिंद एक्स्प्रेस होती. नगरपर्यंत ती रात्र, पुढचा अख्खा दिवस आणि वर पुन्हा रात्र. अहवाल वाईट आला तर तिकिटे रद्द, इस्पितळ आणि परक्या शहरात अनिश्चित मुक्काम. घरी तर सासूबाई एकट्या होत्या.

औषधाच्या वेळेवरून थोडी बोलणी झाली. गोळ्या दिवसातून तीनदा, शेवटची रात्री जेवणानंतर. मी म्हटले, "डॉक्टरसाहेब, सूर्यास्तानंतर मी काहीच घेत नाही." माझी अशी अपेक्षा होती की ते रागावतील. त्यांनी चष्मा वर केला, क्षणभर विचार केला आणि औषध बदलून दिवसातून दोनदा घ्यायचे दिले: एक नवकारशीनंतर, एक सूर्यास्तापूर्वी. वर एवढेच बजावले की दिवसा पाणी मोजून प्यायचे, किमान अडीच लिटर, आणि रात्री ताप फार चढला तर हट्ट करायचा नाही. बडाबाजारात वर्षानुवर्षे बसलेल्या माणसाला आपल्या लोकांचे नियम ठाऊक असतात. इथे एक व्यवहाराची गोष्ट सांगून ठेवते. कलकत्ता बरेच पूर्वेला असल्याने मार्गशीर्षात तिथे सूर्य पाच वाजण्याच्या आतच मावळतो. आपल्या नगरला तोच सहाच्या सुमारास. चौविहार करणाऱ्याने, विशेषतः औषधे घेणाऱ्याने, हा तासाभराचा फरक घरून निघतानाच लक्षात ठेवावा. सकाळ मात्र तितकीच लवकर उजाडते, त्यामुळे नवकारशीचा लाभही लवकर मिळतो.

"हिने खोलीत पडून राहावे का?" यजमानांनी विचारले. डॉक्टर म्हणाले, "बसून जे पाहता येईल ते खुशाल पाहा. चालायचे नाही, जिने चढायचे नाहीत, गर्दीत जायचे नाही." त्यांच्या या एका वाक्याने आमचे कलकत्ता ठरविले.

दिवसभर सगळ्यांनी माझ्या उशाशी बसून राहण्यात अर्थ नव्हता. दीर-जाऊबाई आणि मुले बाजारात आणि पुढे हावडा पुलावर गेली. यजमान आणि मी दुपारी जोडासांकोला जायचे ठरविले. रवींद्रनाथांचे हे घर बडाबाजारापासून एखाद-दीड किलोमीटरवर आहे. पण धर्मशाळेच्या गल्लीत मोटार शिरत नाही. हातगाड्या, डोक्यावर गठ्ठे घेतलेले हमाल आणि कापडाच्या गाठी यांनी ती गल्ली सकाळपासून तुंबलेली असते. अशा गल्लीत आजारी माणसाला बाहेर काढणारे एकच वाहन आहे: माणसाने ओढायची हातरिक्षा.

आपल्यापैकी अनेकांना कलकत्त्यात हा प्रश्न पडतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. निरोगी असते तर मी बसलेच नसते. माणसाने माणसाला ओढावे हे अहिंसेच्या कोणत्या व्याख्येत बसते? २००६ साली पश्चिम बंगालच्या विधानसभेने ही प्रथा बंद करण्यासाठी विधेयक संमत केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि रिक्षा चालूच राहिल्या, कारण ओढणाऱ्यांना दुसरे काम कोणी दिले नाही. यांतले बहुतेक बिहारमधून आलेले; घर तिकडे, रात्रीचा आसरा रिक्षाच्या अड्ड्यावर. बंदी घालणे आणि पोट भरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण व्यापारी लोकांनी तरी विसरू नये. तरीही तो मनुष्य माझ्यासमोर उभा होता, केस पांढरे, पाय अनवाणी, आणि माझ्या पायांत शंभर पावले चालण्याचे बळ नव्हते. यजमान म्हणाले, "तू बैस. मी बाजूने चालतो."

मी बसले. तो काही बोलला नाही, फक्त माझी शाल पाहून त्याने रिक्षाचा टप पुढे ओढला आणि म्हणाला, "माताजी, पीछे टेक के बैठिए." त्याचे कारण दोन मिनिटांत कळले. या रिक्षाला दोन मोठी लाकडी चाके आणि पुढे दोन दांडे असतात. बसणारा मागे रेलला की भार चाकांच्या आसावर जातो आणि ओढणारा हलका होतो. बसणारा पुढे झुकला की सारे वजन त्याच्या मनगटांवर येते. तापामुळे माझी मान पुढे पडत होती. ती सावरून, पाठ टेकून बसणे एवढेच माझ्या हातात होते, आणि त्या पाऊण तासात मी दुसरे काही केले नाही. बोटात अडकविलेली छोटी घंटा तो दांड्यावर टकटक आपटत वाट मागत होता. रवींद्र सरणीवर, म्हणजे जुन्या चितपूर रस्त्यावर, दोन्ही बाजूंना अत्तराची दुकाने, पितळी भांडी, वाद्ये बनविणारे. हे सारे मी जमिनीपासून तीन-चार फुटांवरून, माणसाच्या चालीने जाताना पाहिले. मोटारीतून हे दिसत नाही हे खरे. पण ते पाहण्यासाठी हा मार्ग मी कोणाला सांगणार नाही. यजमानांनी ठरल्याहून दुप्पट पैसे दिले. त्याने ते मोजले नाहीत, कमरेला खोचले आणि टप मागे सारून निघून गेला.

जोडासांकोची ठाकुरबाडी लाल रंगाची, मोठ्या चौकाची. रवींद्रनाथ इथेच १८६१ साली जन्मले आणि इथेच ७ ऑगस्ट १९४१ रोजी वारले. आता इथे रवींद्र भारती विद्यापीठ आणि संग्रहालय आहे. जोडे काढून वर जायचे असते. जिना होता, आणि डॉक्टरांनी जिने मना केले होते. यजमानांनी मला हाताशी धरून एकेका पायरीवर थांबत, मध्ये एकदा बसवून, वर नेले. हा एकच जिना आम्ही दोन दिवसांत चढलो.

मराठी माणसाला हे घर अगदी परके नाही. रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ हे पहिले भारतीय आय. सी. एस. अधिकारी, त्यांची बहुतेक नोकरी मुंबई इलाख्यात झाली. स्वतः रवींद्रनाथ सतराव्या वर्षी, विलायतेला जाण्यापूर्वी, मुंबईत डॉक्टर आत्माराम पांडुरंग यांच्या घरी राहिले होते. पण त्या दुपारी मला यांपैकी काहीच आठवत नव्हते. मी एका खोलीच्या दाराशी थांबले ती पुढे गेलेच नाही. रवींद्रनाथांनी शेवटचा श्वास घेतला ती ही खोली.

१९४० च्या सप्टेंबरात ते कालिंपोंगला असताना एकाएकी आजारी पडले आणि त्यांना कलकत्त्याला आणावे लागले. त्यानंतरच्या काही महिन्यांत, अंथरुणावरूनच, त्यांचे दोन कवितासंग्रह झाले. एकाचे नाव 'रोगशय्याय', म्हणजे रोगशय्येवर, दुसऱ्याचे 'आरोग्य'. नावेच पुरेशी बोलकी आहेत. पुढल्या वर्षी दुखणे वाढले. शस्त्रक्रिया करावी की न करावी, यावर मोठमोठ्या डॉक्टरांत मतभेद होते. अखेर जुलैच्या शेवटी त्यांना शांतिनिकेतनाहून या घरी आणले आणि ३० जुलैला याच घराच्या ओवरीत, तात्पुरती व्यवस्था करून, शस्त्रक्रिया झाली. त्या दिवशी सकाळी त्यांनी आपली अखेरची कविता सांगितली आणि ती लिहून घेतली गेली. आठ दिवसांनी ते गेले. वय ८०.

आमच्याबरोबर आत आलेले प्रवासी दारातून डोकावत आणि पुढच्या दालनात जात. मला उभे राहवत नव्हते म्हणून तिथल्या एका सेवकाने स्वतःची खुर्ची दिली. वीस-पंचवीस मिनिटे मी तिथे बसले. खोली साधी आहे. उंच छत, मोठ्या खिडक्या, आणि त्यांच्या फटींतून येणारा हिवाळी उजेड. ज्याला ताप आहे त्याला आजाऱ्याची खोली वेगळी कळते. खाट कोणत्या बाजूला असेल, डोळ्यांवर उजेड पडू नये म्हणून कोणती खिडकी लावून घेत असतील, ओवरीतून बाहेरचे आवाज किती येत असतील, हेच मी पाहत होते. यजमान हळूच म्हणाले, "उद्याच्या अहवालाचा विचार करते आहेस का?" मी होय म्हटले. त्यांच्याशी खोटे कशाला बोलायचे? त्यांनी पिशवीतून थर्मास काढला आणि उकळलेल्या पाण्याचा पेला हातात दिला. डॉक्टरांच्या अडीच लिटरांचा हिशेब ते बोटांवर ठेवत होते.

त्या संध्याकाळी साडेचारला भोजनशाळेत मऊ भात, मुगाचे पाणी आणि सुंठीचा काढा. जाऊबाईंनी हावडा पुलाचे वर्णन केले: १९४३ साली खुला झालेला, मधला गाळा जवळजवळ दीड हजार फुटांचा, नदीत एकही खांब नाही, आणि सारा सांगाडा नट-बोल्टांशिवाय रिव्हेटांनी जोडलेला. पुतण्याने हे सारे मोबाइलवर वाचून तिला ऐकविले होते. रात्री ताप पुन्हा चढला, पण पहाटेपर्यंत उतरला. मी हट्ट केला नाही. करावा लागलाही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातही जण टॅक्सीने श्री शीतलनाथ भगवानांच्या मंदिरात गेलो. उत्तर कलकत्त्यात माणिकतल्याच्या बाजूला हे मंदिर आहे. लोक त्याला पारसनाथ मंदिर म्हणतात, पण मूलनायक दहावे तीर्थंकर शीतलनाथ आहेत. रायबहादूर बद्रीदास या जौहरींनी ते १८६७ साली बांधविले. जौहरीचे मंदिर आहे हे पाहताक्षणी कळते. भिंती, खांब, कमानी, सर्वत्र रंगीत काचांचे आणि आरशांचे जडावकाम, वर झुंबरे, बाहेर बाग, कारंजी, तळे. निरोगी डोळ्यांना हे वैभव सुखावते. तापलेल्या डोळ्यांना ते झेपत नाही. एकेक दिवा शेकडो काचांत फुटून समोर येत होता आणि भोवळ येईल असे वाटत होते. मी खांबाशी बसून नजर खाली, संगमरवरी फरशीवर ठेवली. मग गाभाऱ्यातील दिव्याकडे. मंदिराच्या स्थापनेपासून हा दिवा अखंड तेवत आहे, असे तिथे सांगतात. तेवढी एक ज्योत डोळ्यांना सोसत होती.

स्नान न झाल्याने पूजेला मी गेले नाही. दर्शन आणि चैत्यवंदन एवढेच केले. शीतलनाथांच्या नावाची कथा आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. भगवान मातेच्या गर्भात असताना राजा दृढरथाच्या अंगाचा दाह होत होता. कोणत्याही औषधाने तो शमेना. राणी नंदेचा हात लागताच तो शांत झाला, म्हणून बाळाचे नाव शीतल ठेविले. घरी ही कथा सांगताना मी ती नेहमी राजाच्या बाजूने सांगत आले. इथे खांबाशी बसून, शेजारी जाऊबाईंचा गार हात मनगटावर असताना, ती मला राणीच्या बाजूने ऐकू आली. वीतराग भगवंतापाशी ताप उतरावा असे मागायचे नसते, आणि मी मागितलेही नाही. दोनच दिवसांपूर्वी शिखरजीवर याच भगवंताच्या टोंकेवर थंडीने कापत उभी होते, एवढे मात्र मनात येऊन गेले.

तिथून दक्षिणेकडे जाताना टॅक्सी चित्तरंजन अव्हेन्यूने गेली. चालक बोलका होता. डाव्या हाताला मेडिकल कॉलेज, १८३५ चे, असे त्याने अभिमानाने दाखविले. जवळच उष्ण कटिबंधातील रोगांचा अभ्यास करणारी जुनी संस्था आहे. मग ध्यानात आले की हे शहर तापाशी फार जुना झगडा केलेले शहर आहे. बंगाल आणि आसामात काळ्या आजाराने लाखो माणसे दगावत होती. त्यावर युरिया स्टिबामाइन हे औषध याच शहरात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी यांनी १९२० च्या सुमारास तयार केले. आणि हिवतापाची गाठ तर इथेच सुटली. टॅक्सी चालली होती ती त्याच जागेजवळून जाणार होती.

दीर आणि मुले चौरंगीवर म्युझियमपाशी उतरली. १८१४ साली स्थापन झालेले हे भारतातील सर्वांत जुने संग्रहालय. कलकत्त्याचे लोक त्याला जादूघर म्हणतात. भरहूतच्या स्तूपाचे कठडे तिथे आहेत. मुलांना अर्थात इजिप्तची ममी पाहायची होती. आम्ही दोघे आणि जाऊबाई पुढे व्हिक्टोरिया मेमोरियलकडे गेलो. वाटेत यजमानांनी टॅक्सी थोडी वळवून घेतली आणि आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर एका मोठ्या सरकारी इस्पितळाच्या भिंतीपाशी थांबविली. त्या भिंतीत रोनाल्ड रॉस यांचे स्मारक आहे. रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले होते. पुढच्या वर्षी त्यांची बदली कलकत्त्याला झाली आणि या इस्पितळाच्या आवारातील छोट्या प्रयोगशाळेत त्यांनी उरलेले कोडे सोडविले. माणसांवर प्रयोग करणे शक्य नव्हते, म्हणून चिमण्यांवर केले. जंतू डासाच्या पोटातून त्याच्या लालाग्रंथींत जातात आणि डंखाबरोबर पुढच्या शरीरात उतरतात, हे त्यांनी सिद्ध केले. मोहम्मद बक्ष नावाचा त्यांचा मदतनीस डास आणि त्यांच्या अळ्या गोळा करून आणीत असे. १९०२ साली रॉस यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

जाऊबाईंनी विचारले, "त्या चिमण्यांचे काय झाले हो?" यजमान गप्प राहिले. आपल्या घरात मुंगीला वाट देणाऱ्यांना हा प्रश्न पडणारच, आणि पडावा. माझ्याकडेही त्याचे उत्तर नव्हते. तरी सासऱ्यांच्या वळकटीतली मच्छरदाणी डोळ्यांपुढे आली. डासाला न मारता त्याच्यापासून दूर राहण्याचे ते साधन. रॉस यांच्या शोधानंतर जगाने जे उपाय धरले, साचलेले पाणी राहू न देणे, हौद झाकणे, त्यांतले बरेचसे आपल्या घरांत पाणी गाळण्याच्या आणि साठवू न देण्याच्या नियमांनी आधीपासून होत होते. हे मी अभिमानाने लिहीत नाही. त्याच घरांतले सासरे कोयनेल घेऊन निघत, आणि मी त्या घडीला हिवतापाच्या तपासणीच्या अहवालाची वाट पाहत होते.

व्हिक्टोरिया मेमोरियल आतून पाहायचे आम्ही टाळले. इमारत १९२१ साली खुली झाली. दगड मकराण्याचा, ताजमहालाचा तोच. बाहेरून, तळ्याकाठच्या बाकावर बसून ती दोन तास पाहिली. आजाऱ्याला मोठ्या शहरात काय हवे असते ते मला तिथे समजले: पाठ टेकायला जागा, सावली, आणि कोणी उठवणार नाही याची खात्री. त्या बागेत ते सारे आहे. शिवाय कलकत्त्याच्या लोकांना थंडीची मोठी धास्ती असते. आपल्याला सुखाची वाटणारी हवा, आणि समोरून लोक कानटोपी, गळपट्टा, स्वेटर असे जामानिमा करून चाललेले. दोन शालींत गुंडाळलेल्या मला पाहून कोणी वळूनही पाहिले नाही. एका वृद्ध बाईंनी तर थांबून आपुलकीने विचारले, "ठांडा लेगेछे?" सर्दी झाली का, एवढाच अर्थ, पण त्यांनी पर्समधून लवंग काढून हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली. दुपारचे दोन वाजले होते, आणि त्या दिवसात पाण्याखेरीज कशाला चव लागली ती पहिल्यांदाच.

अडीच वाजता पुतण्याचा फोन आला. तो बडाबाजारात जाऊन अहवाल घेऊन आला होता आणि डॉक्टरांनाही दाखवून आला होता. हिवताप नाही, डेंग्यू नाही. श्रमाचा आणि थंडीचा ताप. तीन दिवस गोळ्या, पाणी, विश्रांती. प्रवास आडवे झोपून करता येईल. यजमानांनी फोन ठेवला आणि बराच वेळ तळ्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "खालचा बर्थ आहे ना तुझा?" तो माझाच होता, तिकिटे त्यांनीच काढली होती.

सामान घेऊन दीर आणि मुले टॅक्सीने हावड्याला निघाली. आम्ही तिघे बाबूघाटावरून फेरीबोटीने गेलो. ज्याला चालायचे नाही आणि रस्त्याच्या गर्दीत अडकायचे नाही, त्याच्यासाठी हुगळी ओलांडायचा हा सर्वांत सोयीचा मार्ग. आता नदीखालून मेट्रोही धावते, २०२४ पासून. पण तिच्या हावडा स्थानकातून वर यायला सरकते जिने कितीतरी उतरावे-चढावे लागतात, म्हणून तो बेत सोडला. बोटीत लाकडी बाकावर जागा मिळाली. समोर हावडा पूल, डाव्या काठावर जुनी गोदामे आणि गिरण्यांची धुराडी. यांतल्या कोणत्या गोदामातून आमच्या गोण्या येत असतील, याचा यजमानांनी अंदाज बांधायला सुरुवात केली. जाऊबाई म्हणाल्या, आता सगळ्या गोण्या प्लॅस्टिकच्या आहेत, कशाला विचारता.

घड्याळात पावणेपाच वाजत आले होते. सूर्य पलीकडच्या हावड्याच्या बाजूला, स्थानकाच्या लाल विटांच्या इमारतीमागे उतरत होता. यजमानांनी पिशवीतून डबी काढली, गोळी हातावर दिली आणि थर्मासमधले उरलेले पाणी पेल्यात ओतले. मी ते सावकाश प्याले. मग हात जोडून चौविहाराचे पच्चक्खाण घेतले. बोट धक्क्याला लागत होती.